सेंगहेनिदची घंटा आणि ‘अपघात’ नावाची पळवाट

१/ १४ ऑक्टोबर १९१३. दक्षिण वेल्समधील सेंगहेनिद या गावची युनिव्हर्सल कोळसाखाण. सकाळचे आठ वाजून गेले होते आणि सुमारे ९५० माणसे जमिनीखाली कामावर होती. स्फोट झाला. ४३९ खाणकामगार आणि त्यांना सोडवण्यासाठी उतरलेला एक जण, असे ४४० बळी गेले. ब्रिटनच्या खाणींनी एकाच घटनेत इतकी माणसे ना त्याआधी गमावली, ना त्यानंतर. या घटनेला शंभर वर्षांहून अधिक काळ ‘अपघात’ म्हटले जात आहे. तो शब्द येथे का बसत नाही, हे सांगणारा हा धागा.

२/ प्रचलित कथा अशी आहे : वीज नवी होती, विज्ञान अपुरे होते, कोठेतरी एक ठिणगी उडाली आणि दैवाने घाला घातला. पुढे त्या दुःखातून शहाणपण आले, नियम झाले, जग सुरक्षित झाले. कथा सुबक आहे. तिच्यात दोषी कोणीच नसतो, म्हणून ती सर्वांना आवडते. दोष मात्र एकच आहे. तिची एकही पायरी कागदपत्रांपुढे टिकत नाही.

३/ प्रथम शत्रूची ओळख. कोळशाच्या थरात मिथेन दडलेला असतो आणि थर फोडला की तो बाहेर येतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत असेल, तर ते मिश्रण स्फोटक ठरते. अशा मिश्रणाला पेटवण्यास लागणारी ऊर्जा एक मिलीजूलच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते. कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लावताना बोटाला जो चटका बसतो, त्या ठिणगीतही याहून अधिक ऊर्जा असू शकते.

४/ हे संकट १९१३ मध्ये नवे होते काय? मुळीच नाही. १८१२ साली इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत स्फोटाने ९२ जीव घेतले. त्या धक्क्यातूनच सुरक्षित दिव्याचा शोध सुरू झाला आणि १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी आपला दिवा सिद्ध केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. वायू आत शिरतो, आतच जळतो, पण बाहेर पडणारी ज्वाला त्या धातूच्या जाळीत आपली उष्णता गमावते आणि विझते.

५/ डेव्हींचा दिवा शाळेत शिकवला जातो, त्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. वायूच्या भीतीने जे भाग सोडून दिले होते, तेथे मालकांनी हा दिवा हाती देऊन माणसे पुन्हा उतरवली. जाळी गंजे, फाटे, वाऱ्याच्या झोताने ज्वाला तिच्यातून बाहेर येई. दिवा आल्यानंतर खाणींतील मृत्यू घटले नाहीत, हे १८३५ च्या ब्रिटिश संसदीय समितीपुढेही आले. उपकरणाने जो धोका कमी केला, तो लोभाने भरून काढला.

६/ मग खाणीत वीज आली. पंप, मोटारी, दोर ओढणारी यंत्रे. जर्मनीत कार्ल बायलिंग या अभियंत्याने गेल्झेनकिर्खेन येथे १९०३ ते १९०६ या काळात विद्युत उपकरणांवर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष डेव्हींच्याच तत्त्वाचा विस्तार होता. वायूला पेटीत शिरण्यापासून रोखता येत नाही, म्हणून पेटीच इतकी भक्कम करा की आतला स्फोट ती सोसेल, आणि सांधा इतका अरुंद व लांब ठेवा की बाहेर पडणारे तप्त वायू वाटेतच थंड होतील.

७/ कारखान्यात आज ज्याला सगळे ‘फ्लेमप्रूफ’ म्हणतात, त्याचा हा पाया. तो सेंगहेनिदच्या सात वर्षे आधीच घातला गेला होता. ठिणगीने मिथेन पेटतो हे ठाऊक होते. ठिणगी कशी कोंडावी हेही ठाऊक होते. “त्या काळी माहितीच नव्हती” हे वाक्य येथेच खोटे पडते. पण सेंगहेनिदच्या प्रकरणात संशयाचे बोट मोटारीकडे गेले नाही. ते गेले एका क्षुल्लक वस्तूकडे, घंटेकडे.

८/ खाणीच्या लांबलचक बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या दोराने ओढल्या जात. यंत्रचालकाला ‘चालव’, ‘थांब’ असा इशारा देण्यासाठी बोगद्याच्या कडेने दोन उघड्या तारा ताणलेल्या असत. कोठेही उभ्या असलेल्या माणसाने त्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या की दूरवर यंत्रघरात घंटा वाजे. तारा सोडल्या की परिपथ तुटे. आणि तो तुटताना, त्या उघड्या तारांच्या टोकाशी, खाणीच्या हवेत ठिणगी उडे. दिवसातून शेकडो वेळा.

९/ नियमाने या तारांवर २५ व्होल्टची मर्यादा घातली होती. समजूत अशी की इतक्या क्षीण दाबाची वीज कोणाचे काय वाकडे करणार? माणसाला झटका बसत नाही, म्हणजे वायूही पेटणार नाही. येथे दोन निराळे प्रश्न एक मानले गेले. झटका व्होल्टवर अवलंबून असतो. ठिणगीची ताकद मात्र परिपथात साठलेल्या ऊर्जेवर ठरते, आणि घंटेच्या विद्युतचुंबकाच्या वेटोळ्यात ती ऊर्जा साठत असते.

१०/ प्रवाह अचानक तोडला की वेटोळे ती साठवण एका क्षणात बाहेर फेकते. तारांच्या टोकाशी क्षणभर प्रकट होणारा दाब बॅटरीच्या दाबाच्या कित्येक पट असू शकतो. या स्वयंप्रवर्तनाचे वर्णन जोसेफ हेन्री आणि मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकातच केले होते. सेंगहेनिदच्या वेळी ते ज्ञान ऐंशी वर्षांचे होते, पाठ्यपुस्तकांत होते. नसलेच तर ते नियम लिहिणाऱ्यांच्या मेजावर नव्हते.

११/ “पण प्रत्यक्ष इशारा कोठे मिळाला होता?” असा प्रश्न येईल. तोही मिळाला होता. सेंगहेनिदपासून काही मैलांवरच्या बेडवस खाणीत १९१२ च्या मार्चमध्ये स्फोट झाला, आणि संशय याच इशाऱ्याच्या घंटेवर गेला. म्हणजे दीड वर्ष आधी, त्याच कोळसापट्ट्यात, त्याच वस्तूबद्दल. तरीही उघड्या तारा बोगद्यांतून तशाच लोंबत राहिल्या.

१२/ युनिव्हर्सल खाणीला स्वतःचाही इतिहास होता. २४ मे १९०१ रोजी याच खाणीत स्फोट होऊन ८१ कामगार मेले. कोळशाच्या बारीक धुळीने तो स्फोट खाणभर पसरवला होता, आणि धूळ पाणी मारून बसवावी हा धडा तेव्हाच दिला गेला. १९१० मध्ये वायूचा मोठा लोट बाहेर आल्याने खाण रिकामी करावी लागली होती. ही खाण वायूने भरलेली आहे हे तेथील प्रत्येकाला ठाऊक होते, मालकापासून पोऱ्यापर्यंत.

१३/ आता कायदा. १९११ च्या ब्रिटिश कोळसाखाण कायद्याने एक अट घातली : हवा खेळवणाऱ्या पंख्याची दिशा उलटवण्याची सोय प्रत्येक खाणीत असावी, म्हणजे आग लागल्यास धूर माणसांकडे न ढकलता मागे ओढता येईल. मुदत होती १ जानेवारी १९१३. ती वाढवून सप्टेंबर १९१३ अखेरपर्यंत नेण्यात आली. सप्टेंबर संपला. सोय झाली नाही. चौदा दिवसांनी स्फोट झाला.

१४/ स्फोटानंतर एका कूपाच्या तळाशी आग भडकली आणि शोधपथकांची वाट अडली. अनेकांना स्फोटाने मारले नाही. त्यांना मारले स्फोटानंतर पसरणाऱ्या विषारी वायूने, ज्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. पंखा उलटवता आला असता तर किती वाचले असते, यावर तज्ज्ञांत मतभेद होऊ शकतात. ती सोय असणे कायद्याने बंधनकारक होते आणि ती नव्हती, यावर मतभेद होऊ शकत नाही.

१५/ मृतांत चौदा वर्षांची आठ मुले होती. गावात २०५ स्त्रिया विधवा झाल्या, ५४२ मुले पोरकी झाली. काही घरांतून बाप आणि मुलगा एकाच पाळीला गेले होते. या आकड्यांपुढे ‘दैव’ हा शब्द उच्चारणे सोपे जाते, कारण दैवाला जबाब द्यावा लागत नाही, दैवावर खटला भरता येत नाही आणि दैवाचा नफाही कोणी मोजत नाही.

१६/ चौकशी बसली. अध्यक्ष होते खाणींचे मुख्य निरीक्षक रिचर्ड रेडमेन. स्फोटाचे नेमके मूळ निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. कोसळलेल्या दगडांच्या घर्षणातून निघालेली ठिणगी ही शक्यताही पुढे आली. तथापि इशाऱ्याच्या विद्युत उपकरणातून उडालेली ठिणगी हे सर्वांत संभाव्य कारण मानले गेले. प्रचलित कथेचे पाठीराखे येथे हात झटकतात : “पाहा, सिद्ध झालेच नाही!”

१७/ हा युक्तिवाद वरवर बुद्धिमान दिसतो, पण तो सुरक्षेचा विषयच उलटा करतो. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, कारण आरोपी माणूस असतो. उघड्या तारेला असा कोणता मूलभूत हक्क आहे? स्फोटक हवेत वापरायच्या उपकरणाने स्वतःची निरुपद्रविता आधी सिद्ध करायची असते. चारशे चाळीस प्रेते पडल्यावर “ठिणगी याच तारेची कशावरून?” असे विचारणे म्हणजे पुराव्याचा भार मेलेल्यांच्या खांद्यावर टाकणे होय.

१८/ खटलाही झाला. व्यवस्थापकावर सतरा आणि कंपनीवर चार आरोप ठेवले गेले. हवेच्या नोंदी नीट न ठेवणे यांसारख्या मोजक्या आरोपांवर व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला. पंखा उलटवण्याची सोय न केल्याबद्दल कंपनीला पुढे १० पौंड दंड आणि खर्च भरावा लागला. व्यवस्थापकाच्या दंडाचा हिशेब त्या वेळच्या एका स्थानिक वृत्तपत्राने केला. २४ पौंड म्हणजे ४८० शिलिंग. भागिले मृतांची संख्या. दर माणशी एक शिलिंग, एक पेनी आणि वर थोडे.

१९/ हा आकडा क्रूर विनोद म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो दरपत्रक आहे. १९१३ हे ब्रिटनच्या कोळसा उत्पादनाचे विक्रमी वर्ष होते, सुमारे २८ कोटी ७० लाख टन. वेल्सच्या कोळशावर जगभरची जहाजे चालत होती. पंख्याच्या फेरबदलासाठी काम थांबवणे महाग होते, नियम मोडणे स्वस्त होते. ज्या व्यवहारात दंड हा नियम पाळण्याच्या खर्चाहून कमी असतो, तेथे कायदा म्हणजे नियम न पाळण्याचा परवाना ठरतो.

२०/ आणि उपाय किती अवघड होता? सेंगहेनिदनंतर आर. व्ही. व्हीलर आणि डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांनी घंटेच्या परिपथांची कसून तपासणी केली. व्हीलर यांचा अहवाल १९१५ मध्ये आला. व्होल्ट कमी ठेवणे पुरेसे नाही, वेटोळ्यातील ऊर्जेला वाट दिली पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झाले. वेटोळ्याला समांतर असा योग्य रोधक जोडला की ती ऊर्जा त्यात मुरते आणि ठिणगी निर्बल होते. युद्ध चालू असताना दोन वर्षांत जे जमले, ते शांततेच्या काळात का सुचले नाही?

२१/ येथून दुसरी वाट निघाली. पहिली वाट म्हणजे फ्लेमप्रूफ : स्फोट होईल हे गृहीत धरून त्याला पेटीत कोंडणे. दुसरी वाट म्हणजे अंगभूत सुरक्षितता : परिपथातच इतकी कमी ऊर्जा ठेवणे की तार तुटली, उपकरण बिघडले, तरी निघणारी ठिणगी वायू पेटवूच शकणार नाही. आज तेलशुद्धीकरण कारखान्यांतील आणि वायूप्रकल्पांतील अनेक मापनयंत्रे याच तत्त्वावर चालतात. त्या तत्त्वाची पहिली शिकवण सेंगहेनिदच्या घंटेने दिली.

२२/ भारताचा या इतिहासाशी संबंध दूरचा नाही. २८ मे १९६५ रोजी तेव्हाच्या बिहारमधील ढोरी खाणीत वायू आणि कोळशाच्या धुळीच्या स्फोटाने २६८ कामगारांचा बळी घेतला. आज खाणींवर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख आहे. खाणींबाहेर, पेट्रोलियम आणि वायूच्या ठिकाणी वापरायच्या फ्लेमप्रूफ व तत्सम उपकरणांना मान्यता देते ती ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. तिचे मुख्यालय नागपुरात आहे.

२३/ म्हणजे नियम आहेत, मानके आहेत, मान्यतेची यंत्रणा महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे. तरीही कोणत्याही औद्योगिक वसाहतीत एक सूर हमखास ऐकू येतो : “एवढ्याशा पेटीला एवढी किंमत? एवढ्याशा दुरुस्तीला एवढी परवानगी? नियमांचा नुसता जाच.” हा सूर नवा नाही. १९१३ मध्ये मुदतवाढ मागणाऱ्यांचाही सूर हाच होता. म्हणून या पेटीची किंमत कशात असते, ते नीट सांगणे आवश्यक आहे.

२४/ फ्लेमप्रूफ पेटीचे संरक्षण तिच्या जाड पत्र्यात जेवढे असते, तेवढेच सांध्यात असते. आठांपैकी एक बोल्ट लावायचा राहिला की सांधा फाकतो. पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून कोणी सांध्यात रबराची पट्टी घातली की ठरवलेली फट मोठी होते. नवी केबल घेण्यासाठी ड्रिलने एक भोक पाडले, किंवा साधी ग्लँड बसवली, की दाराबाहेर रस्ता मोकळा. पेटी दिसायला तीच, पाटी तीच, प्रमाणपत्राचा क्रमांक तोच. फक्त आत स्फोट झाला, तर तो आत राहणार नाही.

२५/ अशी पेटी वर्षानुवर्षे काही न होता चालते, आणि हीच खरी फसगत आहे. स्फोटक मिश्रण आणि ठिणगी एकाच ठिकाणी एकाच क्षणी यावी लागतात, आणि तो क्षण बहुतेक दिवशी येत नाही. सेंगहेनिदच्या तारांवरही दिवसातून शेकडो ठिणग्या उडत आणि संध्याकाळी माणसे घरी परतत. “इतकी वर्षे काही झाले नाही” हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. वायू अजून तेथे पोहोचलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

२६/ कोणी म्हणेल, नियमांचा अतिरेकही होतो, कागदी तपासण्या होतात, शिक्के विकत मिळतात. हे खरे असेल तेथे त्याचे उत्तर प्रामाणिक तपासणी हे आहे, तपासणीची माफी हे नव्हे. १८३५ पासूनचा अनुभव सांगतो की उपकरण आपोआप कोणालाही वाचवत नाही. ते योग्य जागी बसवणारा हात, ते उघडून पाहणारा निरीक्षक, आणि काम थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो. यांतील एकालाही वगळले की उरतो तो पाटी लावलेला पत्रा.

२७/ गंमत अशी की हे शास्त्र सामान्य घराला पाठ आहे. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण लावू नये, आणि चालू असेल तर बंदही करू नये, हे महाराष्ट्रातील घराघरांत सांगितले जाते. ‘बंदही करू नये’ यात बेडवस आणि सेंगहेनिदचा सारा धडा आहे : ठिणगी परिपथ तोडतानाही पडते. घरातील आजी जे लक्षात ठेवते, ते कारखान्याच्या व्यवस्थापनाला खर्चाच्या तक्त्यात आठवत नाही, तेव्हा त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

२८/ युनिव्हर्सल खाण १९२८ मध्ये बंद झाली. स्फोटाच्या शताब्दीला, १४ ऑक्टोबर २०१३ रोजी, सेंगहेनिदमध्ये वेल्सचे राष्ट्रीय खाणकाम स्मारक उभे राहिले. स्मारके आवश्यक असतात, पण शोक करणाऱ्या समाजाने शब्दही जपून वापरायला हवेत. जे आधी ठाऊक नव्हते, ते घडले तर तो अपघात. जे ठाऊक होते, ज्याचा इशारा मिळाला होता, ज्यासाठी कायदा होता आणि ज्याची मुदतही उलटून गेली होती, त्याला मराठीत स्वच्छ शब्द आहे : हलगर्जी. तो वापरायला हरकत नाही.